आंबा उतरला, आता खोडाकडे बघा

मुरबाड-शहापूरकडच्या बागांतला शेवटचा आंबा साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतो. मग पाऊस लागतो, घरातले सगळे हात भाताकडे वळतात आणि आवणी संपेपर्यंत आंब्याखाली कोणी फिरकत नाही. बाग तिकडे आणि राहायला ठाण्यात किंवा नेरुळला, अशी मंडळी तर एकदम मोहोराच्या वेळेलाच उगवतात. झाडाला कीड-रोग लागतो तो या मधल्या काळात. तेव्हा पावसाळाभर पंधरा दिवसांतून एक फेरी माराच. पंप घरी राहू दे; कोयता, लोखंडी तार आणि रंगीत फिती घेतल्या की पुरे.

पहिलं खोड बघायचं. खोडकिडा, म्हणजे भिरूड, याचे भुंगेरे पावसाबरोबर बाहेर पडतात. करड्या रंगाचे, दोन इंच लांब आणि त्याहून लांब मिशांचे. मादी सालीच्या भेगेत किंवा जुन्या जखमेपाशी अंडी घालते. अळी साल कुरतडत आत शिरते आणि महिनोन्‌महिने लाकूड पोखरत राहते. वरून झाड हिरवंगार. मग कधीतरी एक फांदी पिवळी पडते, आणि आपण खत कमी पडलं असं समजून युरिया टाकतो!

भोक, त्यातून आलेला भुसा आणि ओघळलेला डिंक या त्याच्या खुणा. मुसळधार पावसात भुसा वाहून जातो, म्हणून दोन दिवस उघडीप मिळाली की जा. बुंध्याशी भुसा दिसला तर झाडून साफ करा, झाडाला फीत बांधा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघा. ताजा भुसा पडला असेल तर अळी आत जिवंत आहे. जुन्या, कोरड्या भोकात औषध ओतून पैसेच जातात. तारेच्या टोकाला आकडी करून आत घाला आणि अळी ओढून काढा, नाहीतर तिथेच टोचून मारा. हाती लागली नाही तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबून भोक चिकणमातीने लिंपून टाका. हे करताना विडी-काडी लांब ठेवा. अजूनही कोणीतरी ‘नुवान घाल’ म्हणून या कीटकनाशकाचं नाव सांगतं. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. पोखरलेली फांदी तोडलीत तर ती जळणासाठी झाडाखालीच रचून ठेवू नका, त्यातूनच पुढचे भुंगेरे निघतात.

खोडानंतर वर बघा. सततच्या पावसात दाट, सावलीतल्या फांद्यांच्या बेचक्यात गुलाबी-पांढरी बुरशी चढते आणि पुढची फांदी वाळते. बुरशीच्या खाली निरोगी लाकडापर्यंत कापा, कापलेली फांदी बागेबाहेर नेऊन जाळा आणि त्याच दिवशी कापावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. करपा या बुरशीजन्य रोगासाठी फवारायचं १ टक्का बोर्डो मिश्रण तेवढ्याच मोरचूद-चुन्यात १०० लिटर पाणी घेऊन होतं. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत ५०-५० लिटरमध्ये विरघळवा, मग तिसऱ्या पिंपात एकदम ओतत ढवळत राहा. त्यात कोयत्याचं पातं बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं भाजतील. उद्यासाठी उरवू नका.

तुडतुडे या दिवसांत खोडाच्या भेगांत बसून असतात. हात फिरवला की टुणकन उडतात. ते बघून लगेच फवारू नका, पावसात ते औषध धुऊनच जातं. मधल्या एक-दोन फांद्या काढून झाडात ऊन-वारा खेळू द्या, तुडतुड्यांना दाट सावलीच आवडते. नवी पालवी फुटल्यावर शेंडे माना टाकू लागले तर शेंडा पोखरणारी अळी आहे. तेवढे शेंडे खुडून नष्ट करा.

खाली सडलेली फळं राहिली असतील तर खोल खड्ड्यात पुरा, फळमाशीची अळी मातीतच कोषात जाते. बांडगूळ वरवर छाटून काही होत नाही, ते पुन्हा फुटतं. जिथे चिकटलं आहे त्याच्या थोडं खालून फांदीसकट काढा.

जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला द्यायचं औषध) घालणाऱ्यांनी फीत बांधलेली झाडं यंदा वगळावीत. अशक्त झाडावर मोहोराची जबरदस्ती केली तर ते आणखी खचतं.

आणि फांदी वाळतेय, पण भुसा नाही, बुरशीही नाही, असं दिसलं तर दुकानदाराला विचारू नका. अर्धी वाळलेली, अर्धी हिरवी अशी फांदी कापून त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) न्या. पूर्ण मेलेल्या फांदीवरून रोग ओळखणं त्यांनाही अवघड जातं.