हायड्रोजन निघत नाही? सच्छिद्र कार्बन नायट्राइड करताना या चुका टाळा

कार्बन नायट्राइड ही प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन काढणारी पावडर. तिच्यावर चार तास दिवा जळतो, पण हायड्रोजन काही निघत नाही. मग सगळा दोष पावडरवर येतो आणि नवी पावडर भाजायला घेतली जाते. खरं तर घोळ बऱ्याचदा मोजणीत असतो, म्हणून आधी तिथे बघा.

जीसीत (वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) वाहक वायू हीलियम असेल, तर टीसीडीला, म्हणजे उष्णतावाहकतेवरून वायू ओळखणाऱ्या त्याच्या शोधकाला, हायड्रोजन नीट दिसत नाही, कारण दोन्ही वायूंची उष्णतावाहकता जवळपास सारखी आहे. आर्गॉन लावा. फ्लास्कमधली हवाही आर्गॉननेच अर्धा तास घालवा. मग नायट्रोजनचं शिखर दर तासाला वाढताना दिसलं, की गळती आहे असं समजा. बहुतेक वेळा सुईने चाळण झालेलं सेप्टमच, म्हणजे फ्लास्कच्या तोंडाचं रबरी बूचच, सापडतं.

दुसरी चूक तराजूवरची. हायड्रोजन सहज सुटावा म्हणून पावडरवर थोडं प्लॅटिनम बसवतात. 50 मिलीग्रॅम पावडरवर 3 टक्के प्लॅटिनम म्हणजे 1.5 मिलीग्रॅम धातू. ते ज्यातून येतं त्या क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या हेक्साहायड्रेटमध्ये (सहा पाण्याचे रेणू असलेल्या स्फटिकात) प्लॅटिनम 38 टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे ते स्फटिक 4 मिलीग्रॅम लागतात. स्फटिकच 1.5 मिलीग्रॅम घेतले, तर प्लॅटिनम जेमतेम 1.1 टक्का बसतं. एवढं कमी वजन थेट करू नका. द्रावण करून पिपेटने घ्या.

आता भट्टी. ही पावडर युरिया भाजून होते. खताच्या दुकानातला युरिया नको, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. प्रयोगशाळेचा शुद्ध युरिया घ्या. बडोद्यात आषाढ-श्रावणात तो बरणीतच गोळा होतो, तेव्हा आधी 80 अंशांवर वाळवा. झाकणाच्या मुशीत, मिनिटाला 5 अंशांच्या वेगाने 550 अंशांपर्यंत न्या आणि 2 तास ठेवा. झाकण सैल राहिलं तर माल उडून जातो. तसाही 10 ग्रॅममधून अर्धा ग्रॅम मिळाला तर नशीब. तापमान 650 च्या पुढे गेलं तर मूस रिकामीच! अमोनिया भरपूर सुटतो, त्यामुळे एक्झॉस्ट चालू हवा.

बीईटीचा (पावडरच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाचा) आकडा कमी आला म्हणून लगेच खचू नका. दमट हवेत छिद्रांत पाणी भरतं. 120 अंशांवर, निर्वातात, रात्रभर ठेवून पुन्हा मोजा.

पाण्यात ट्रायइथेनॉलअमीन (स्वतः खर्च होऊन मदत करणारं रसायन) घातलं असेल, तर अहवालात 'पाण्याचं पूर्ण विघटन' लिहू नका. होल, म्हणजे प्रकाशाने पावडरमध्ये तयार झालेले धन प्रभार, त्यानेच खाल्लेले असतात, ऑक्सिजन निघत नाही.

गच्चीवर उन्हात चाचणी घ्यायची असेल, तर फ्लास्क पाण्याच्या टबात ठेवा. मे महिन्यात तो तापून आतला दाब वाढतो आणि तेवढ्याच आकाराच्या सिरिंजमधल्या वायूचा हिशेब चुकतो. नमुना काढायच्या आधी 25 अंशांपर्यंत थंड होऊ द्या.