जलशांच्या जुन्या कॅसेटी जपताना या चुका टाळा

भीमजयंतीच्या रात्री वस्तीत रंगलेल्या जलशांतली, म्हणजे आंबेडकरी गाण्यांच्या कार्यक्रमांतली, कितीतरी गाणी कॅसेट कंपनीपर्यंत कधी पोचलीच नाहीत. स्टेजच्या कडेला कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवला म्हणून ती उरली. त्या कॅसेटी आज कपाटावर पावसाळ्याची ओल खात पडल्या आहेत.

हाती आली की लगेच लावायची, ही पहिली चूक. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट बाजूला ठेवा. नाहीतर बुरशी प्लेअरला लागून पुढच्या कॅसेटींनाही लागते. मागचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी गाणं पुसणार नाही. आवाज दबका येतोय? आधी प्लेअरचं हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) पुसा. तरी फरक नाही पडला तर हेडशेजारचा स्क्रू कणभर फिरवा आणि आवाज खणखणीत होईल तिथे थांबा.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र 'साफसफाई'त होतं. आमच्याकडच्या एका कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये पाच-पाच रुपये बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारली होती. आमच्यातल्या एकाने 'फालतू बडबड' म्हणून ती कापली. कार्यक्रम कुठल्या चाळीत झाला, हे फक्त त्या नावांवरूनच कळणार होतं! कॅसेटवरून संगणकात उतरवलेली मूळ फाइल खोकल्या-घोषणांसकट तशीच ठेवा. खरखर काढायची तर दुसऱ्या प्रतीत काढा.

लेबलवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तिथे बऱ्याचदा गायकाचं नाव असतं, कवीचं नसतं. शेवटचं कडवं कान देऊन ऐका. वामनदादा कर्डकांसारखे (१९२२–२००४) कवी तिथे आपली नाममुद्रा, म्हणजे स्वतःचं नाव, गुंफायचे. ढोलकीवाला आणि कोरस कोण होते, हे त्या वेळी हजर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.

एमपीथ्री करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की जतन झालं असं नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह (WAV) फाइल करा, तिच्यात एमपीथ्रीसारखा आवाज गाळला जात नाही. सी-६०, म्हणजे तासाभराच्या, कॅसेटला साधारण २ जीबी लागतात. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात.

सार्वजनिक करण्याआधी शाहिराच्या घरच्यांना विचारा. आणि कॅसेट ज्या घरातून आणली तिथे परत द्या, सोबत पेन ड्राइव्हवर एक प्रत.