मोठ्या टायरसाठी इन्फ्लेटर घेताय? या चुका टाळा

मोठ्या गाडीसाठी हवा भरायचं यंत्र घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती पीएसआयचं (हवेच्या दाबाचं एकक) आहे?’ खोक्यावर १५० दिसलं की स्वारी खूश. टायरला ११० लागतात, यंत्र १५० देतं, मग अडचण कसली? अडचण अशी की हातात मावणारं यंत्रसुद्धा कधी ना कधी तो आकडा गाठतं. किती वेळात गाठतं आणि तोवर स्वतः शाबूत राहतं का, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही.

बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा, हे. ट्रकच्या टायरात १४० लिटर जागा धरा. ८० पीएसआयवरून ११० वर न्यायचं तर बाहेरची सुमारे २८५ लिटर हवा आत कोंबावी लागते (३० भागिले १४.७, गुणिले १४०, खरेदीआधी एवढं गणित करायला कुणाचं काही जात नाही). कारच्या टायरला २५ वरून ३२ वर जायला १३-१४ लिटर पुरतात. म्हणून मिनिटाला ३० लिटर देणारं यंत्र कारपाशी रुबाब करतं आणि ट्रकपाशी मान टाकतं. त्यातही तो ३० चा आकडा बहुतेकदा समोर काहीच दाब नसतानाचा असतो. टायरात दाब चढतो तसा प्रवाह घटत जातो. आपल्याला लागणाऱ्या दाबाला किती लिटर मिळतात हे ज्या माहितीपत्रकात नाही, ते यंत्र मी सरळ बाजूला ठेवतो. एखादं चांगलं यंत्र त्यात सुटत असेल. सुटू दे.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ३३ टक्के म्हणजे १० मिनिटं चालवा, २० मिनिटं विश्रांती द्या. सहा चाकं भरायची असतील तर यात अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि नवशिक्यांना ती २० मिनिटं काही केल्या धरवत नाहीत.

ओळखीतले एक गृहस्थ पिकअप घेऊन वाळूत उतरले. उतरण्याआधी हवा कमी केली, ते योग्यच. परतताना भरायला काढलं ते लायटर सॉकेटवर चालणारं छोटं यंत्र. एक चाक कसंबसं भरलं. दुसऱ्याला यंत्र इतकं तापलं की आपोआप बंद पडलं. थांबायला सांगितलं तर ‘आता होईलच’ म्हणत त्यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी दणकट यंत्र त्याच सॉकेटला लावलं. फ्यूज उडाला. मग त्यांनी त्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज ठोकला. थोड्या वेळाने डॅशबोर्डमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तेव्हा कुठे हात थांबला. वायरिंग बदलण्यात जो खर्च झाला, त्यात चांगला कॉम्प्रेसर आला असता.

सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो, आणि तो यंत्रासाठी नसून मागच्या तारांसाठी असतो. मोठ्या टायरच्या लायकीचे कॉम्प्रेसर ३० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतात. ते चिमट्यांनी थेट बॅटरीला लावायचे, इंजिन चालू ठेवून. सॉकेटची पिन दिसली की मोठ्या गाडीसाठी मी ते यंत्र बघतसुद्धा नाही.

ट्रक २४ व्होल्टचा असेल तर यंत्रही २४ व्होल्टचंच घ्या. जोडीतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती बरेच जण सांगतात. दोन्ही बॅटऱ्यांचं संतुलन बिघडतं, ते सांगत नाहीत.

आता जिवावरची चूक. ट्रकचा टायर पार बसलेला आहे, तशीच गाडी काही अंतर चाललीय, आणि चालक पोर्टेबल यंत्र काढून तिथेच हवा भरायला लागतो. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेल्या टायरच्या बगलेतल्या, म्हणजे बाजूच्या भिंतीतल्या, पोलादी तारा आतून थकलेल्या असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. हवा भरताना त्या ओळीने तुटत जातात आणि चेन उघडावी तशी बगल फाटते. समोरचा माणूस वाचेलच असं नाही. असा टायर पूर्ण रिकामा करायचा, रिमवरून उतरवून आतून तपासायचा, आणि मगच लोखंडी पिंजऱ्यात भरायचा. हे टायरवाल्याचं काम आहे, रस्त्याकडेचं नाही. थोडीशी हवा कमी असलेल्या टायरलाही मी चावीचं, म्हणजे खटक्याने व्हॉल्व्हवर अडकून राहणारं, नोझल अडकवतो आणि नळीच्या लांबीइतका बाजूला, बगलेच्या रेषेबाहेर उभा राहतो. चाकासमोर उकिडवं बसून आकडा वाचणारे पाहिले की मला राग येतो.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. यंत्र चालू असताना त्याच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. नळीतला विरोधही तो मोजतो. बंद करून वेगळ्या गेजने बघा. दाब थंड टायरवरच मोजा, आणि तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. बगलेवर छापलेला दाब कमाल असतो, गाडीसाठीचा आकडा गाडीवर शोधा. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, एवढं पाठ असू द्या.

आणि नळी. यंत्र बॅटरीला जोडून मागच्या शेवटच्या चाकापर्यंत सुतळीने अंतर मोजा, वळणासकट. मागे जोडचाकं असतील तर आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हपर्यंत नोझल जातं का, हे दुकानातच विचारा. स्क्रूचं नोझल काढताना फुसकन हवा जाते आणि तापलेली पितळी कडी बोटांना चटका देते, म्हणून मी चावीचंच घेतो.