आजारपणामुळे कॉलेज बदलायचंय? अर्जाआधीच होणाऱ्या या चुका टाळा

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर एक संवाद हमखास ऐकू येतो. वडील जाडजूड फाइल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "मुलीची तब्येत बरी नसते, घराजवळच्या कॉलेजात बदली हवीय. सगळे रिपोर्ट आणलेत." क्लार्क फाइल न उघडताच विचारतो, "तिकडं जागा आहे का?" वडिलांना हा माणूस निर्दयी वाटतो. पण प्रश्न त्याने बरोबर विचारलेला असतो.

आजार दाखवून अर्ज करता येतो, एवढंच. बदली मिळते ती रिकामी जागा असेल, वर्ष योग्य असेल आणि ज्याला अधिकार आहे त्याची सही असेल तर. बहुतेक घरं सगळा जोर आजार सिद्ध करण्यावर लावतात आणि बाकीच्या तीन गोष्टी शेवटी बघू म्हणून ठेवतात.

दुसऱ्याच अभ्यासक्रमाचा नियम धरून चालणे

"माझ्या मावसभावाची झाली होती बदली" हे वाक्य या विषयात सर्वांत जास्त नुकसान करतं. मावसभाऊ इंजिनिअरिंगला असतो, तुम्ही बीएएमएसला, आणि दोघांचा नियम लिहिणारे वेगळे असतात.

एमबीबीएसचंच बघा. १९९७ च्या जुन्या नियमांत पहिली प्रोफेशनल परीक्षा (अभ्यासक्रमाच्या पहिल्या टप्प्याची विद्यापीठ परीक्षा) पास झाल्यावर एका महिन्याच्या आत अर्ज करता येत असे. दोन्ही कॉलेजं आणि दोन्ही विद्यापीठं मिळून चार ना-हरकत प्रमाणपत्रं लागत. वर्षाला मंजूर जागांच्या ५ टक्क्यांपर्यंतच बदल्या होत, आणि एकाच शहरातल्या दोन कॉलेजांत कुठल्याही कारणाने बदली नाही, असंही त्यात स्पष्ट होतं. ही माहिती अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि लोक त्याप्रमाणे चार एनओसींच्या मागे लागतात. पण जून २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नवे नियम आले आणि त्यातल्या १८ व्या नियमाने स्थलांतर, म्हणजे कॉलेजची बदली, सरसकट बंद केलं. पुढे दृष्टी अधू असलेल्या एका विद्यार्थ्याच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ही सरसकट बंदी मनमानी ठरवली. म्हणून एमबीबीएसवाल्यांनी ओळखीच्या सीनिअरला विचारण्यात वेळ न घालवता अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि अर्जात त्याचाच उल्लेख करावा.

आयुर्वेदात चित्र वेगळं आहे. २०२२ च्या बीएएमएस नियमांनुसार पहिली प्रोफेशनल परीक्षा पास झाल्यावर स्थलांतर होऊ शकतं. त्याला दोन्ही कॉलेजांची आणि विद्यापीठांची संमती लागते, जागा रिकामी लागते, आणि विद्यापीठ बदलत असेल तर एनसीआयएसएमचं (भारतीय वैद्यक पद्धतींच्या राष्ट्रीय आयोगाचं) ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. नापास विद्यार्थ्याला किंवा सत्राच्या मध्येच बदली नाही. दंतवैद्यकाच्या २००७ च्या बीडीएस नियमांत तर सुरुवातच अशी आहे की स्थलांतर हा विद्यार्थ्याचा हक्क नाही. अत्यंत अपवादात्मक, सहानुभूतीच्या कारणासाठीच ते होतं, तेही दुसऱ्या वर्षाच्या आरंभी. शिवाय नव्या कॉलेजात २४० दिवस शिकेन असं शपथपत्र द्यावं लागतं.

थोडक्यात, पहिलं वर्ष चालू असताना बदली मागायला गेलात तर बहुतेक ठिकाणी अर्ज वाचलाही जाणार नाही.

आजार सिद्ध करणारं, पण बदली का हवी हे न सांगणारं प्रमाणपत्र

खरी गोची इथे आहे. फाइलमध्ये एमआरआय असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात, आणि वर फॅमिली डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोन ओळी: "सदर रुग्ण माझ्या उपचाराखाली असून त्यास विश्रांतीची गरज आहे." अर्ज तपासणाऱ्या समितीच्या दृष्टीने या कागदाचा अर्थ एवढाच होतो की विद्यार्थ्याला रजा द्या. बदलीबद्दल त्यात अवाक्षर नाही.

समितीला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. हा उपचार सध्याच्या गावात का होत नाही आणि मागितलेल्या गावातच का होतो? समजा एका मुलाला डायलिसिस लागतं म्हणून पुण्यात बदली हवी आहे. समितीतले डॉक्टर लगेच म्हणतील, "तुमच्या जिल्हा रुग्णालयातही डायलिसिस होतं." आणि ते खोटं नाही, २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून ही सोय उभी राहिली आहे. अर्ज तिथेच पडतो. तोच मुलगा मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला असेल, आणि प्रमाणपत्रात लिहिलेलं असेल की प्रत्यारोपण अमुक तारखेला अमुक रुग्णालयात झालं, टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी ठरावीक अंतराने तपासावी लागते, ताप आला तर काही तासांत त्याच टीमकडे पोचणं गरजेचं आहे, आणि सध्याच्या कॉलेजपासून तिथे पोचायला एसटीने आठ तास लागतात, तर चर्चा वेगळी होते. आजार तोच, पण आता कागदाला गाव आहे, तारीख आहे, अंतर आहे.

म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून पत्र घ्या, आणि त्याच्या जोडीला जिल्हा शल्यचिकित्सकांचं किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाचं प्रमाणपत्र काढा. फक्त खासगी कागदावर निर्णय घ्यायला अधिकारी कचरतात, आणि का कचरतात हे आपल्यालाही ठाऊक आहे. पैसे देऊन आणलेली प्रमाणपत्रं त्यांनी ढिगाने पाहिलेली असतात.

दुसरं टोकही टाळा. बदली मिळावी म्हणून डॉक्टरांना "जरा जोरात लिहा" सांगणारे पालक असतात. मग फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीच्या कागदावर येतं की ती फार वेळ उभी राहू शकत नाही, ताण सहन होत नाही, प्रवास झेपत नाही. समिती विचारते, मग ही मुलगी वॉर्ड पोस्टिंग कसं करणार? बदली राहते बाजूला आणि कोर्स झेपेल का हाच प्रश्न उभा राहतो. योग्य पत्रात दोन्ही गोष्टी लागतात: उपचार जवळ असले तर ही मुलगी अभ्यासक्रम पूर्ण करू शकते, आणि ते जवळ का नाहीत.

मानसिक आजार असेल तर घरचे बहुतेक वेळा तो लपवतात. अर्जात "अशक्तपणा" किंवा "पोटाचा त्रास" लिहितात आणि जोडलेली चिठ्ठी मात्र मानसोपचारतज्ज्ञाची असते. कागद जुळत नाहीत आणि खरा आजार खोटा वाटू लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, सिकलसेल आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिसही आहेत. निदान खरं लिहा. गावभर नको असेल तर वैद्यकीय कागद बंद लिफाफ्यात, 'गोपनीय' लिहून प्राचार्यांच्या नावे द्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडविकार या २१ प्रकारांत नाहीत. तेव्हा त्यांच्यासाठी यूडीआयडी कार्डाच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) मागे धावून महिने घालवू नका, उपचाराची कागदपत्रंच भक्कम करा.

आणि पोरगं रॅगिंगमुळे खचलं असेल, तर आजारपणाच्या अर्जाने कारण झाकू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती तक्रार नोंदली गेली की पुढच्या अर्जाला वेगळाच आधार मिळतो.

आधी टीसी काढणे

हे करू नका. एवढं सांगूनही लोक करतात. तिकडच्या कॉलेजातल्या कुणीतरी "या, करून देतो" म्हटलेलं असतं, म्हणून इकडचा प्रवेश रद्द करून दाखला हातात घेतात. मग तिकडे प्रस्ताव वर जातो, परवानगी येत नाही, आणि विद्यार्थी कुठलाच राहत नाही. लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय प्रवेश रद्द करायचा नाही, त्याच्या अर्जावर सहीही करायची नाही. एजंट टीसी आधी मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

याचीच सख्खी बहीण म्हणजे अर्ज टाकून घरी बसणे. फाइल फिरते तेवढ्यात हजेरी जाते. मेडिकल रजेचा अर्ज मंजूर झाला म्हणजे हजेरी लागली, असा गैरसमज सार्वत्रिक आहे. तुम्ही का नव्हता हे रजेतून कळतं, पण ७५ टक्क्यांचा हिशेब तसाच राहतो. टर्म ग्रँट झाली नाही, म्हणजे हजेरीअभावी सत्र मान्य झालं नाही, की परीक्षा जाते, परीक्षा गेली की 'पास झालेला विद्यार्थी' ही बदलीची अटही जाते. शक्य तितके दिवस वर्गात बसा. शक्यच नसेल तर रजेचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, डिस्चार्ज कार्ड जोडून. सहा महिन्यांनी मागच्या तारखेचा नको.

जागा आहे की नाही हे तोंडी विचारणे

रिकामी जागा म्हणजे त्याच वर्षातली, मंजूर प्रवेशसंख्येत बसणारी जागा. कुणी कॉलेज सोडलं, कुणाचा प्रवेश रद्द झाला, की ती होते. शिपायाने, नातेवाइकाने किंवा तिथल्या सरांनी "आहे की" म्हणणं म्हणजे माहिती नव्हे. कॉलेजकडून लेखी घ्या. शासकीय कॉलेज असेल तर माहिती अधिकारात विचारता येतं, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणजे हा अर्ज निकालानंतर करून उपयोग नाही, निकालाच्या आधीच करायला हवा. फी किती पडेल, आरक्षणातली जागा आहे का आणि महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती पुढे चालू राहील का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. बदलीनंतर शिष्यवृत्ती अडकली की घराचं गणित कोलमडतं.

विद्यापीठाकडे दुर्लक्ष

महाराष्ट्रात एक सोय अशी आहे जी अनेकांच्या लक्षातच येत नाही. आरोग्यशास्त्राची बहुतेक कॉलेजं, मग ती नंदुरबारला असोत की कोल्हापूरला, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीच संलग्न आहेत. इंजिनिअरिंगमध्ये लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची कॉलेजं राज्यभर पसरली आहेत. विद्यापीठ एकच असेल तर अभ्यासक्रम तोच, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तोच, आणि समकक्षतेची कटकट मिटते. म्हणून पर्याय शोधताना आपल्याच विद्यापीठाची कॉलेजं आधी बघा, मग घरापासूनचं अंतर.

अभिमत विद्यापीठात जायचं किंवा तिथून यायचं म्हणजे विद्यापीठच बदलतं. स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजांत विषयांची मांडणी आणि क्रेडिट वेगळे असल्याने मागच्या वर्षाचे दोन-तीन विषय पुन्हा द्यावे लागू शकतात. आजारातून उठलेल्या मुलाला ते ओझं पेलणार का, हे घरी बसून शांतपणे ठरवा. सिंधुदुर्गातल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. उपचार गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात चालू असतात, म्हणून गोव्यातलं कॉलेज सोयीचं वाटतं. पण सीमा ओलांडली की विद्यापीठही बदलतं आणि राज्याच्या कोट्याचे नियमही. अशा वेळी सावंतवाडी-कुडाळ भागातलंच कॉलेज मिळालं तर उपचार आणि शिक्षण दोन्ही सुटसुटीत राहतात.

बदली नाकारली तर हात टेकणे

बदली हा उपायांपैकी एक उपाय आहे, आणि बऱ्याचदा तोच सर्वांत अवघड असतो. दिव्यांग हक्क कायद्याच्या १६ व्या कलमानुसार शासकीय, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी पुरवायच्या आहेत. तळमजल्यावरची खोली, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, उपचाराच्या दिवशी प्रॅक्टिकलची बॅच बदलून देणं, या गोष्टी कॉलेज स्तरावर होऊ शकतात. त्या लेखी मागा. मनाचा त्रास असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. एक वर्ष थांबणं हाही काहींना बरा पर्याय ठरतो, फक्त त्या अभ्यासक्रमाला किती वर्षांत पूर्ण करायचं बंधन आहे ते आधी तपासून घ्या.

नकार तोंडी आला तर तो स्वीकारू नका. प्रत्येक अर्ज आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर कारणांसह लेखी मागा. पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करायची वेळ आली, तर वकील पहिल्यांदा हाच कागद मागतो. त्यात नकाराचं कारण "रिक्त जागा नाही" असेल तर लढाई अवघड आहे. "नियमात तरतूद नाही" किंवा नुसतंच "विचार करता येत नाही" असेल, तर वकिलाला बोलायला जागा आहे.