कोड बदलला तरी टेस्ट जुनंच उत्तर देते? या चुका टाळा

मे महिन्यातली नागपूरची दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं, अन मी डिलिव्हरी चार्ज 40 चा 60 केला तरी टेस्ट 40 च म्हणे. तासभर फाइल सेव्ह करत बसलो बे! पायथन एकदा इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल (म्हणजे कोडची फाइल) सिस डॉट मॉड्यूल्स या डिक्शनरीत ठेवतो, अन प्रोसेस चालू आहे तोवर तेच देतो, इम्पोर्टची ओळ दहादा लिहा, फाइल परत वाचलीच जात नाही.

मग मॉड्यूल परत लोड करणारं इम्पोर्टलिब डॉट रीलोड सापडतं अन माणूस खुश होतो. खरा घोळ इथूनच सुरू. चार्ज माझ्या रेट्स मॉड्यूलमध्ये आहे; दुसऱ्या फाइलीत 'फ्रॉम रेट्स इम्पोर्ट चार्ज' करून नाव थेट उचललं असेल तर तिथं जुना 40 च राहतो, कारण रीलोड फक्त त्या एका मॉड्यूलचा कोड परत चालवतो, आधीच कोणी काय उचलून नेलं ते त्याच्या गावीही नसतं. म्हणून 'इम्पोर्ट रेट्स' करून रेट्स डॉट चार्ज वापरा. फाइलीतून डिलीट केलेलं फंक्शनसुद्धा रीलोडनंतर जिवंतच असतं, जुनी नावं पुसली जात नाहीत ना. अन सगळ्यात डोकेखाऊ म्हणजे क्लास: रीलोडनंतर ऑर्डर क्लास नवा बनतो, आधीचा ऑब्जेक्ट जुन्या क्लासचा, ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का ते बघणारं इझइन्स्टन्स फॉल्स देतं, अन प्रिंट केलं तर दोन्ही नावं सेम. तर्री पोह्याची दुसरी प्लेट संपली तरी मला कळलं नव्हतं.

नोडवाल्यांनो (जावास्क्रिप्टवाले), रिक्वायर डॉट कॅशमधून, म्हणजे नोडच्या लोड झालेल्या मॉड्यूलच्या साठ्यातून, एंट्री उडवताना पूर्ण पाथ लागतो, तो रिक्वायर डॉट रिझॉल्व्हकडून घ्या. नुसतं डॉट स्लॅश रेट्स दिलं तर काहीच उडत नाही अन एररही येत नाही. ईएस मॉड्यूलला (रिक्वायरऐवजी इम्पोर्टनं लोड होणाऱ्या) हा उपाय चालतच नाही. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट टूलमध्ये रीसेटमॉड्यूल्स केल्यावर परत रिक्वायर करायचं विसरू नका. पीएचपीत ओपकॅशचं (कंपाइल झालेला कोड साठवणारं) व्हॅलिडेट टाइमस्टॅम्प्स 0 असेल, म्हणजे फाइल बदलली का ते तपासणं बंद असेल, तर रीस्टार्ट करा, विषय संपला.

मी तर आता रीलोडच्या नादी लागत नाही. डेव्हलपमेंटमध्ये गनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरला रीलोड फ्लॅग देतो, तो कोड बदलला की वर्कर प्रोसेसच नवी उठवतो (सोबत आधीच ॲप लोड करणारा प्रीलोड नका लावू, दोघांचं जमत नाही), अन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फाइलीच्या वरती न वाचता फंक्शनच्या आत वाचतो, म्हणजे टेस्टमध्ये व्हॅल्यू बदलली की लगेच लागू.

एवढं करूनही जुनंच दिसलं तर मॉड्यूलचं डबल अंडरस्कोर फाइल (ते कोणत्या फाइलीतून आलं तो पाथ) प्रिंट करा. मागच्या आठवड्यात माझं मॉड्यूल साइट पॅकेजेसमधल्या (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसचं फोल्डर) जुन्या कॉपीतून येत होतं, अन मी एडिट करत होतो भलतीच फाइल.