डाउनलोडची ब्लॉकलिस्ट आणि अलाउलिस्ट लिहिताना या चुका टाळा

गिरगावात गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिणारे एक कार्यालय आहे आणि तेथील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. ब्लॉकलिस्ट म्हणजे अडवायच्या फाइलींची यादी आणि अलाउलिस्ट म्हणजे उतरवू द्यायच्या फाइलींची. अलाउलिस्टमध्ये ‘*पीडीएफ*’ असा नावाशी ताडून पाहायचा नमुना लिहून मी निश्चिंत झालो होतो. पुढे एका संगणकावर ‘मेंटेनन्स_बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल, म्हणजे प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम, उतरलेली आढळली. दोष नमुन्याचा नव्हता, माझा होता. स्टार म्हणजे ‘काहीही, किंवा काहीच नाही’, त्यामुळे नावात कोठेही पीडीएफ आले की फाइलला वाट मोकळी होती. त्यातच विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन्स (नावातील शेवटच्या टिंबानंतरचा, फाइलचा प्रकार सांगणारा भाग) मुळातच लपवते, म्हणून कर्मचाऱ्याला ती साधी पीडीएफच वाटली. नमुना ‘*.पीडीएफ’ असा लिहावा आणि त्यापुढे स्टार ठेवू नये.

हाच नमुना रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे नमुने लिहिण्याच्या दुसऱ्या, अधिक काटेकोर पद्धतीत, जसाच्या तसा उचलू नये. तेथे स्टारचा अर्थ ‘आधीचे चिन्ह शून्य किंवा अधिक वेळा’ असा होतो आणि टिंब कोणत्याही एका चिन्हाशी जुळते; म्हणून खऱ्या टिंबासाठी ‘\.’ लिहून शेवट ‘$’ने बांधावा लागतो. स्कॅनरने एक्स्टेन्शन कॅपिटल अक्षरांत दिले असेल, तर लहान-मोठ्या अक्षरांत भेद करणारे साधन तीच फाइल अडवते.

मराठी नावांची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘बिल’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, परंतु युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) ब, वेलांटी आणि ल अशी तीन चिन्हे असतात. त्यामुळे स्टारच्या साध्या नमुन्यात एका चिन्हाऐवजी येणारे ‘?’ दोनदा लिहून तो जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ‘[0-9]’ हा गट ‘२०२४’ला ओळखत नाही, त्यासाठी ‘[०-९]’ जोडावे लागते. ‘कोऱ्या_पावत्या’ या नावातील ऱ तर एकाच चिन्हानेही साठवता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा जोडीनेही, आणि डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. नमुना आणि नाव दोन्ही एनएफसी रूपात (अशा पर्यायांना एकसारखे करणाऱ्या युनिकोडच्या रूपात) आणूनच ताडून पाहावीत.

नियमांचा क्रमही साधनागणिक बदलतो: काही ठिकाणी पहिला जुळणारा नियम चालतो, तर गिटच्या (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) इग्नोर यादीत, म्हणजे दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, शेवटचा. शिवाय तीच फाइल पुन्हा उतरवल्यास क्रोम एक्स्टेन्शनच्या आधी ‘(1)’ घालते, म्हणून पूर्ण नाव लिहिलेला नियम तेथे निकामी ठरतो.

अशी सारी अडचणीची नावे मी एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवली आहेत आणि यादीत काहीही बदलले की आधी त्यांच्यावर ती चालवून पाहतो, ‘मेंटेनन्स_बिल.पीडीएफ.ईएक्सई’ पहिल्या ओळीवर आहे.