एका लॅपटॉपला दोन ऑडिओ इंटरफेस: घुमट आरती घरी रेकॉर्ड करायची तर

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की आमच्या गोव्यात फोंड्याकडे घुमट आरतीच्या, म्हणजे मातीच्या भांड्याला चामडं लावलेल्या घुमटाच्या साथीने म्हणायच्या आरतीच्या, तालमी सुरू होतात आणि दरवर्षी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतोच, की माझ्याकडे दोन इनपुटवाला इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आहे, मित्राकडे चार इनपुटवाला आहे, दोन्ही एकाच लॅपटॉपला लावले तर सहा माइक होतील ना? होतील. पण माइकचे खड्डे मोजून हे काम होत नाही. खरी अडचण क्लॉकची आहे, आणि ती आधी समजून घेतली नाही तर पुढचं सगळं सेटिंग म्हणजे अंधारात दगड मारणं.

प्रत्येक इंटरफेसच्या आत स्वतःचा क्रिस्टल असतो आणि सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने, म्हणजे सॅम्पल, मोजायचे ते तो त्या क्रिस्टलच्या हिशेबाने मोजतो. दोन क्रिस्टल अगदी तंतोतंत सारखे कधीच नसतात. दोन टाळकरी दोन वेगळ्या खोल्यांत बसवले, एकमेकांचं काही ऐकू येत नाही आणि दोघांना सांगितलं एकाच लयीत वाजवा, तर सुरुवात एकत्र होईल पण तासाभराने कोण कुठे असेल सांगता येत नाही, तसंच हे. समजा दोघांत दहा लाखांमागे २० सॅम्पलचा फरक आहे, म्हणजे फार काही नाही, तरी चार मिनिटांच्या आरतीत जवळजवळ ५ मिलिसेकंद, वीस मिनिटांत २४ आणि तासाभरात ७२ मिलिसेकंद सरकतं. चार मिनिटांची एकेक आरती वेगवेगळी घेणार असाल तर बऱ्याच वेळा चालून जातं, पण सप्ताहातलं भजन सलग दोन तास रेकॉर्ड करायला बसलात तर शेवटी झांज एकीकडे आणि पखवाज दुसरीकडे. याला म्हणतात ड्रिफ्ट.

आता ड्रिफ्ट आणि लेटन्सीची गल्लत करू नका, लोक हमखास करतात. लेटन्सीमुळे दुसऱ्या इंटरफेसचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठराविक मागे असतो, तो ट्रॅक एकदा सरकवला की काम झालं. ड्रिफ्ट मात्र वाढत जातो, सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो.

तर मशीनप्रमाणे सांगतो.

मॅक असेल तर सोपं आहे. यूटिलिटीजमध्ये ऑडिओ मिडी सेटअप उघडा, खाली डावीकडचं प्लसचं बटण दाबा, अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस बनवा आणि दोन्ही इंटरफेसना टिक करा. टिक ज्या क्रमाने कराल त्या क्रमाने इनपुटचे नंबर लागतात म्हणून ज्याला पहिला ठेवायचाय त्याला आधी टिक करा. मग क्लॉक सोर्समध्ये दोघांतला चांगला इंटरफेस निवडा आणि ड्रिफ्ट करेक्शनची टिक फक्त दुसऱ्यासमोर लावा, क्लॉक सोर्सवाल्याला नाही. यात मॅक दुसऱ्याचा आवाज सतत रीसॅम्पल करत (पहिल्याच्या वेगाने नव्याने मोजत) राहतो आणि दोघं जुळलेले राहतात. मग रीपर, लॉजिक असं जे काही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरता त्यात हे नवीन डिव्हाइस निवडायचं.

विंडोजवर जरा डोकेदुखी आहे. आसिओवर (विंडोजवर रेकॉर्डिंगसाठी वापरतात ती ड्रायव्हरची पद्धत) रीपरसारखा प्रोग्रॅम एका वेळी एकच ड्रायव्हर घेतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे दोन ड्रायव्हर एकत्र निवडताच येत नाहीत. यावर सगळे आसिओफॉरऑल नावाचा कुठल्याही इंटरफेसला चालणारा ड्रायव्हर सुचवतात आणि तो चालतो पण: आधी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डिफॉल्ट आउटपुट लॅपटॉपचे स्पीकर करून टाका, नाहीतर विंडोज स्वतःच इंटरफेस धरून बसतं आणि आसिओफॉरऑलला तो मिळत नाही, ब्राउझर वगैरे बंद करा, दोन्ही इंटरफेसचा सॅम्पल रेट हाताने ४८००० ला आणा, आणि मग पॅनेलमधलं पान्याचं चित्र दाबून अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन दोघांचे इनपुट चालू करा. आउटपुट मात्र एकाचाच ठेवा. एवढं करून सहाही इनपुट दिसायला लागले की लोक खूश होतात, पण लक्षात ठेवा, आसिओफॉरऑल दोघांना फक्त एका दारातून आत आणतो, त्यांचे क्लॉक जुळवत नाही. त्यामुळे काही वेळाने टिकटिक, कटकट असे आवाज यायला लागले तर लॅपटॉप स्लो आहे म्हणून रॅम वाढवायला पळू नका. छोट्या टेकसाठी आणि तालमीच्या रेकॉर्डिंगसाठी ठीक, पैसे घेऊन कोणाचं काम करत असाल तर माझा यावर भरवसा नाही.

लिनक्सवाले पाइपवायर (तिथली आवाज सांभाळणारी यंत्रणा) वापरत असतील तर तो दोन इंटरफेसमधलं रीसॅम्पलिंग स्वतः सांभाळतो, त्यांना वेगळं सांगायला नको, ते आधीच तीन रात्री जागून सगळं वाचून आलेले असतात.

काही कंपन्या, म्हणजे आरएमई आणि मोटू वगैरे, त्यांचा ड्रायव्हर स्वतःच्याच एकापेक्षा जास्त इंटरफेसना एकत्र दाखवतो. तिथेही क्लॉकची वायर जोडावीच लागते, फक्त ड्रायव्हरचा प्रश्न मिटतो.

खरा उपाय मात्र एकच, दोघांना एकाच क्लॉकवर बांधायचं. त्यासाठी मागच्या बाजूला बघा काय काय आहे. गोल बीएनसीचं वर्ड क्लॉक (यातून फक्त क्लॉक जातं), आरसीएसारखं दिसणारं कोअ‍ॅक्स एसपीडीआयएफ (दोन चॅनेलचा डिजिटल आवाज), नाहीतर चौकोनी झाकण असलेलं ऑप्टिकल, ज्यातून एडॅट, म्हणजे एकाच केबलमधून आठ चॅनेल नेण्याची पद्धत, चालतं. स्कार्लेट सोलो किंवा २आय२ असल्या छोट्या इंटरफेसला यातलं काहीच नसतं, त्यामुळे त्यांना बांधायचं म्हटलं तरी बांधता येत नाही, तिथे डोकं खपवू नका. आणि म्हणूनच कोणी आता नवीन दुसरा इंटरफेस घ्यायच्या विचारात असेल तर मी म्हणेन घेऊ नका. एडॅट इनपुट असलेला एकच इंटरफेस घ्या, स्कार्लेट १८आय२० किंवा बेहरिंगरचा यूएमसी१८२० अशातला, आणि माइक कमी पडले की त्याला बेहरिंगर एडीए८२०० सारखा आठ चॅनेलचा प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारा डबा) जोडा. लॅपटॉपला एकच इंटरफेस दिसतो, ड्रायव्हर एकच, क्लॉक एकच, भांडण संपलं.

जोडायचं असं. प्रीअँपच्या ऑप्टिकल आउटमधून एक टॉसलिंक केबल इंटरफेसच्या ऑप्टिकल इनमध्ये. प्लास्टिकची बारीक टोपी केबलच्या दोन्ही टोकांना असते ती काढायला विसरू नका, आणि ती फेकू पण नका. प्रीअँप चालू केल्यावर केबलच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की समजा माल येतोय. प्रीअँपच्या मागचा सिंकचा स्विच इंटर्नल ४८ वर ठेवा आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंक सोर्स इंटर्नलवरून एडॅटवर न्या, म्हणजे आता प्रीअँप मालक आणि इंटरफेस त्याच्या मागे. उलटं करायचं असेल, इंटरफेसला मालक करायचं असेल, तर दुसरी टॉसलिंक इंटरफेसच्या आउटमधून प्रीअँपच्या इनमध्ये लावा आणि प्रीअँपचा स्विच एडॅट इनवर. मालक एकच पाहिजे, दोघंही इंटर्नलवर राहिले तर आवाज येतो पण मधेच टिक टिक होत राहतं, आणि ते टिक इतकं बारीक असतं की तालमीच्या गोंधळात कळत नाही, घरी येऊन हेडफोनवर कळतं. एडॅटमधून आठ चॅनेल मिळतात ते ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच, ९६ वर गेलात की चारच. आरतीला ४८ भरपूर झालं. वर्ड क्लॉक वापरत असाल तर केबल ७५ ओमचीच घ्या.

बरं, आहे त्या दोन छोट्या इंटरफेसवरच भागवायचं असेल तर कुठला माइक कुठे लावायचा याला फार महत्त्व आहे, आणि हे कोणी सांगत नाही. एकाच वाद्यावरचे दोन माइक नेहमी एकाच इंटरफेसमध्ये. घुमटाचंच बघा. मोठ्या तोंडाला चामडं (आता बकरीचं, घोरपडीचं कायद्याने बंद आहे), आणि मागे छोटं उघडं तोंड, वाजवणारा दुसऱ्या हाताने ते झाकतो, उघडतो आणि त्यातूनच तो घुमणारा खालचा आवाज येतो. पुढून एक माइक लावलात तर थाप मिळते पण घुमारा मिळत नाही, म्हणून दुसरा मागच्या तोंडाशी, हात आपटणार नाही एवढ्या अंतरावर. आता हे दोन माइक दोन वेगळ्या इंटरफेसला गेले आणि एखाद-दुसरा मिलिसेकंद जरी सरकला तरी दोन्ही आवाज मिसळताना काही सूर कापले जातात आणि घुमट पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३५ सेंटिमीटर जातो, म्हणजे ड्रिफ्टमुळे तुमचा माइक आपोआप हातभर मागे सरकत चाललाय असं समजा. एकाच इंटरफेसवर ठेवले तरी मागच्या माइकचं फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण एकदा उलटं करून ऐका, ज्यात घुमारा जास्त भरतो ते ठेवा. गाणाऱ्यांचे माइक, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (झांजा) हे दुसऱ्या इंटरफेसवर गेले तरी चालतात, कासाळ्याला तर माइक मुळात लांबच ठेवा, ते सगळ्यांच्या माइकमध्ये घुसतंच.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि एकाने मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवायची. शेवटी परत एक. मग रीपरमध्ये दोन्ही इंटरफेसचे ट्रॅक झूम करून पहिली टाळी जुळवा आणि शेवटच्या टाळीला किती फरक पडलाय ते बघा, ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. फरक असेल तर दुसऱ्या इंटरफेसच्या आयटमची (रेकॉर्ड झालेल्या तुकड्याची) कड ऑल्ट दाबून ओढा आणि टाळीवर टाळी आणा. त्याआधी आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रिझर्व पिचची टिक काढा. सूर बदलेल म्हणून घाबरू नका, एवढ्याशा ताणाने बदललेला सूर कोणाच्या कानाला कळत नाही, उलट ती टिक ठेवली तर आवाज चिरडला जातो. दुसऱ्या इंटरफेसचे सगळे ट्रॅक ग्रुप करून एकदमच ताणा.

करंटचं पण बघावं लागतं. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपियर मिळतात, त्यात दोन इंटरफेस एका साध्या हबवर आणि वर चार माइकना ४८ व्होल्टचा फँटम (काही माइकना लागणारा करंट), मग एक इंटरफेस मधेच गायब होणार. दोघांना वेगळे पोर्ट द्या, नाहीतर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्या. सगळ्या वस्तू एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवल्या की घूं असा ५० हर्ट्झचा आवाज बराच कमी होतो, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला की बहुतेक वेळा उरलेला पण जातो. काहीजण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात, ते कधीही करू नका, आपल्याकडे पावसात भिंती ओल्या असतात, शॉक बसायला वेळ लागत नाही. आणि ऑगस्टमध्ये कौलांवर पाऊस कोसळायला लागला की कुठलाही इंटरफेस कामाचा नाही, थांबायचं, चहा घ्यायचा. काम झाल्यावर माइक आणि केबल सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात.

शेवटचं हेडफोनचं. दोन इंटरफेस असले की डायरेक्ट मॉनिटरमध्ये (लॅपटॉपमध्ये न जाता थेट इंटरफेसमधून ऐकताना) प्रत्येकाला फक्त स्वतःच्या इंटरफेसवरचे माइक ऐकू येतात, मुख्य गाणारा म्हणतो मला घुमट ऐकूच येत नाही. रीपरमधून सगळ्यांना ऐकवायचं तर बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढे सॅम्पल हाताळतो तो आकडा, कमी केला की आवाज लवकर ऐकू येतो) १२८ वर आणून बघा, कटकट झाली तर २५६. आरतीत मात्र मी हेडफोन देतच नाही, सगळे गोल बसतात तेच बरं, एकमेकांचं ऐकतात, एकमेकांकडे बघतात आणि लय आपोआप धरली जाते. फक्त रेकॉर्डिंग बघणाऱ्याच्या कानाला हेडफोन पाहिजे आणि त्याने गायला बसायचं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.